प्रत्येक फेरीचा हिशेब

काशीच्या मणिकर्णिका घाटाशी मराठी मनाचे नाते जुने आहे. झाशीच्या राणी लक्ष्मीबाईंचे माहेरचे नाव मणिकर्णिका, ते याच तीर्थावरून ठेवलेले. या घाटावरून गंगेच्या प्रवाहाबरोबर उत्तरेकडे चालू लागले की मराठी इतिहासाची पानेच उलगडत जातात. प्रथम लागतो तो बायजाबाई शिंदे यांनी बांधविलेला शिंदे घाट, पुढे नागपूरकर भोसल्यांचा घाट, त्यापुढे पंचगंगा घाट आणि त्याला लागून दुर्गा घाट. पेशव्यांचे गुरू नारायण दीक्षित यांनी अठराव्या शतकात हा दुर्गा घाट बांधविला आणि त्याच्या आसपास मराठी कुटुंबांची वस्ती वाढत गेली.

याच दुर्गा घाटावर कार्तिक महिन्यात ‘मुक्की’चा फड भरत असे. मुक्की म्हणजे उघड्या मुठींनी खेळलेले मुष्टियुद्ध. दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी असलेले मल्लविद्येचे आचार्य आणि मल्लखांबाचे पुनरुज्जीवक बाळंभटदादा देवधर यांच्या परंपरेचा काशीतील आखाड्यांशी घनिष्ठ संबंध सांगितला जातो. त्याच घराण्यातील नारायणगुरू देवधर यांचे नाव व्यायामविषयक जुन्या लेखनात मुक्कीच्या संदर्भात आदराने येते.

या लढतींत गुण नव्हते, फेऱ्या नव्हत्या आणि लेखी निकालही नव्हता. घाटाच्या पायऱ्यांवर दाटीवाटीने बसलेले प्रेक्षक हेच पंच आणि तेच इतिहासकार. कोणाची मूठ अधिक चालली, कोण अधिक वेळ उभा राहिला, याचा निवाडा घरी परतताना वाटेत होई आणि पुढील कार्तिकापर्यंत तो रंगत राही. साक्षीदार निघून गेले, तशा त्या लढतीही स्मृतीतून पुसल्या गेल्या. कोणतीच झुंज पुन्हा पाहता येत नव्हती.

आधुनिक मुष्टियुद्धाच्या चाहत्यांना ही सोय लाभली आहे. जगभरातील हजारो रसिक आज एक आगळा छंद जोपासतात. तीस-चाळीस वर्षांपूर्वीची गाजलेली लढत ते पुन्हा पाहतात, हाती कागद-पेन्सिल घेऊन प्रत्येक फेरीला स्वतः गुण देतात आणि अखेरीस आपली बेरीज अधिकृत निकालाशी ताडून पाहतात.

तीन मिनिटे आणि दहा गुण

या छंदाचे मर्म कळण्यासाठी गुणदानाची पद्धत समजून घेणे आवश्यक आहे. १८६७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘क्वीन्सबेरी नियमां’नी तीन मिनिटांची फेरी, एक मिनिटाची विश्रांती आणि हातमोजे यांचा पाया घातला. आजच्या पद्धतीत फेरी जिंकणाऱ्यास १० गुण मिळतात आणि दुसऱ्यास बहुधा ९. एखादा खेळाडू ठोशाने खाली कोसळला, तर ती फेरी सामान्यतः १०-८ अशी नोंदली जाते. व्यावसायिक लढतीत रिंगणाच्या वेगवेगळ्या बाजूंना तीन पंच बसतात. नेमके आणि स्वच्छ ठोसे, परिणामकारक आक्रमण, रिंगणावरील हुकमत आणि बचाव या चार कसोट्यांवर प्रत्येक जण स्वतंत्रपणे गुण देतो.

ऐकताना हे सोपे वाटते. कागद पुढे घेतला की अडचण लक्षात येते. एकाने पाच हलके पण अचूक ठोसे दिले आणि दुसऱ्याने एकच, पण पाय लटपटवणारा ठोसा दिला, तर फेरी कोणाची? सतत पुढे सरकणारा खेळाडू वरचढ, की मागे हटत त्याला चकवणारा? चारही कसोट्या एकाच दिशेने बोट दाखवतील, असे क्वचितच घडते.

६ एप्रिल १९८७ रोजी लास व्हेगास येथे झालेली मार्विन हॅगलर आणि शुगर रे लेनर्ड यांची लढत याचे सर्वांत गाजलेले उदाहरण ठरावे. सुमारे तीन वर्षांच्या विश्रांतीनंतर लेनर्ड रिंगणात उतरला होता. बारा फेऱ्यांनंतर एका पंचाने ११५-११३ असा कौल हॅगलरला दिला, दुसऱ्याने तेवढ्याच गुणांनी लेनर्डला, तर तिसऱ्याने लेनर्डला ११८-११० असे विजयी ठरवले. फेऱ्यांच्या भाषेत सांगायचे, तर पहिल्या दोघांच्या मते फरक सात-पाचचा होता आणि तिसऱ्याच्या मते दहा-दोनचा. एकाच संध्याकाळी, एकाच रिंगणाभोवती बसलेल्या तीन जाणकारांनी जणू तीन वेगळ्या लढती पाहिल्या! हॅगलर त्यानंतर पुन्हा कधीही रिंगणात उतरला नाही.

ही लढत पुन्हा पाहणाऱ्यांना दोन गोष्टी हटकून दिसतात. डावखुऱ्या शैलीत खेळणाऱ्या हॅगलरने सुरुवातीच्या फेऱ्या उजव्या शैलीत खेळून हातच्या घालवल्या. दुसरीकडे लेनर्ड फेरी संपत येताना अखेरच्या काही सेकंदांत ठोशांची सर लावत असे, म्हणजे घंटा होताना पंचांच्या डोळ्यांपुढे तेच चित्र राही. ज्याने फेरीच्या पहिल्या मिनिटापासून नोंद ठेवली, त्याची गुणपत्रिका आणि ज्याच्या मनावर शेवटचा अर्धा मिनिट ठसला, त्याची गुणपत्रिका यांत म्हणूनच अंतर पडते.

पंधरा खान्यांचे गणित

गुणदानातील चुका नेहमीच मतभेदापुरत्या नसतात. १९८८ च्या सेऊल ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या रॉय जोन्सने अंतिम लढतीत प्रतिस्पर्ध्याच्या ३२ ठोशांविरुद्ध ८६ ठोसे लगावले, तरीही यजमान देशाच्या पार्क सी-हून यास ३-२ असे विजयी घोषित करण्यात आले. त्याच स्पर्धेतील सर्वोत्कृष्ट मुष्टियोद्ध्याचा करंडक मात्र जोन्सला मिळाला! या प्रकारानंतर बार्सिलोना (१९९२) ते लंडन (२०१२) या काळात ऑलिंपिकमध्ये संगणकीय गुणदान चालले. पाचपैकी तीन पंचांनी सुमारे एका सेकंदात कळ दाबली, तरच ठोसा मोजला जाई. यंत्राने मोजणी केली. पण ठोशाचा जोर, बचावाचे कौशल्य आणि जवळून दिलेले झटपट ठोसे निसटू लागले. अखेर २०१३ पासून हौशी मुष्टियुद्धातही दहा गुणांची पद्धत आली.

भारतीय चाहत्यांनी या पद्धतीचा कटू अनुभव २९ जुलै २०२१ रोजी टोकियोत घेतला. मेरी कोमने कोलंबियाच्या इंग्रित व्हॅलेन्सियाविरुद्ध तीनपैकी दोन फेऱ्या बहुमताने जिंकल्या आणि तरीही ती लढत ३-२ अशी हरली. क्षणभर स्वतः मेरीलाही आपण जिंकलो असेच वाटले होते. हे कसे घडले, ते कागदावर मांडल्यास स्पष्ट होते. पाच पंच आणि तीन फेऱ्या, म्हणजे एकूण पंधरा खाने. पहिल्या फेरीत चार पंच व्हॅलेन्सियाच्या बाजूने होते. दुसऱ्या आणि तिसऱ्या फेरीत प्रत्येकी तीन मेरीच्या बाजूने. मेरीचे खाने झाले एक, तीन आणि तीन मिळून सात, व्हॅलेन्सियाचे आठ. शिवाय निकाल फेऱ्यांच्या बहुमतावर ठरत नाही. प्रत्येक पंचाच्या तीन फेऱ्यांची बेरीज स्वतंत्र होते आणि अशा तीन बेरजा व्हॅलेन्सियाच्या बाजूने गेल्या. पहिल्या फेरीतील संथ सुरुवात मेरीला भोवली. पंधरा खाने भरून पाहणाऱ्यास पराभवाचे दुःख होते, परंतु त्याचे कारणही सापडते.

मातीतला तंटा

महाराष्ट्राला हा विषय परका नाही. राजर्षी शाहू महाराजांच्या प्रेरणेने उभ्या राहिलेल्या कोल्हापूरच्या खासबाग मैदानात पूर्वी निकाल एकच असे, चितपट. पाठ मातीला लागली की वाद मिटला. नाहीच लागली, तर कुस्ती बरोबरीत सोडवली जाई. गुण आले आणि त्यांच्यासोबत गुणांचे वादही आले.

१४ जानेवारी २०२३ रोजी पुण्यात महाराष्ट्र केसरी स्पर्धेत माती विभागाच्या लढतीत महेंद्र गायकवाडने सिकंदर शेखला बाहेरची टांग मारली आणि पंचांनी चार गुण दिले. पकड मारून खाली आणल्यास दोन गुण. प्रतिस्पर्ध्याची पाठ धोक्याच्या स्थितीत, म्हणजे जमिनीशी काटकोनापेक्षा कमी कोनात आणणाऱ्या डावाला चार. सिकंदरची पाठ त्या कोनात गेली होती काय, या एका प्रश्नावर अवघा महाराष्ट्र चित्रफीत थांबवून-थांबवून पाहू लागला. तालमीतील वस्ताद, चहाच्या टपरीवरील रसिक आणि कधीही लांग न चढवलेली मंडळीही पंच झाली. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरमध्ये फुलगावच्या मैदानात सिकंदर शेख महाराष्ट्र केसरी झाला आणि चाहत्यांच्या मनातील सल काहीसा निवळला.

या उत्साहाची काळी बाजूही नजरेआड करता येत नाही. पुण्यातील त्या निकालानंतर पंचांना धमकावण्यापर्यंत मजल गेली. फेब्रुवारी २०२५ मध्ये अहिल्यानगरच्या स्पर्धेत निर्णयावरून संतापलेल्या मल्लाने पंचांशी गैरवर्तन केले आणि त्याला तीन वर्षांच्या निलंबनास सामोरे जावे लागले. चित्रफीत दहा वेळा पाहणाऱ्याला दहा संधी मिळतात. मैदानातील पंचाला एकच क्षण मिळतो, तोही एकाच कोनातून. हे भान ज्याला राहते, त्याचीच गुणपत्रिका वाचण्याजोगी होते.

घरबसल्या पंच

अनुभवी चाहते म्हणूनच काही पथ्ये पाळतात. समालोचनाचा आवाज ते बंद ठेवतात, कारण समालोचकाचे मत नकळत आपले होऊन बसते. प्रेक्षकांचा गलकाही तसाच. आवडत्या खेळाडूचा हवेत गेलेला ठोसादेखील गर्दी डोक्यावर घेते. फेरी संपताच, विश्रांतीच्या त्या एका मिनिटात, गुण लिहिले जातात आणि नंतर खोडाखोड होत नाही. अटीतटीच्या फेरीपुढे खूण केली जाते. काही आठवड्यांनी हीच लढत पुन्हा पाहून दुसरा कागद भरला जातो.

हे दोन कागद शेजारी ठेवल्यावर खरी मौज येते. त्याच माणसाने, त्याच डोळ्यांनी पाहिलेल्या दोन-तीन फेऱ्यांचा कौल बदललेला असतो. हॅगलर-लेनर्ड लढतीत तेवढ्या फेऱ्या इकडच्या तिकडे झाल्या, की निकालच फिरतो. पंचांना नावे ठेवणारा रसिक मग जरा मवाळ होतो. पडद्यावर ठोशाचा वेग दिसतो, त्याचा भार कळत नाही. रिंगणाशेजारी बसलेल्या पंचाला तो आवाजावरून कळतो, मात्र खेळाडूची पाठ त्याच्याकडे असेल तर ठोसाच दिसत नाही. सत्याचा थोडाथोडा अंश प्रत्येकाच्या वाट्याला येतो.

बँकेच्या व्यवहारात एकाने केलेली नोंद दुसऱ्याने तपासण्याची रीत आहे. ती अविश्वासातून आलेली नाही. माणसाची नजर चुकू शकते, या जाणिवेतून आलेली आहे. तीन किंवा पाच पंच बसवण्यामागील विचार हाच आणि जुनी लढत काढून शांतपणे गुण मांडणाऱ्या चाहत्याचा छंदही त्याच जातीचा. दुर्गा घाटाच्या पायऱ्यांवरील प्रेक्षकांना आपला निवाडा ताडून पाहण्याची संधी कधी मिळाली नाही. आज ती प्रत्येकाला उपलब्ध आहे. एखाद्या सुटीच्या दुपारी आवाज बंद करून, कोऱ्या कागदावर बारा ओळी आखून ती घेऊन पाहायला हरकत नाही.