नाशिकमध्ये भाड्याचं घर घेताना

गंगापूर रोड, कॉलेज रोडचं भाडं ऐकून माणूस पाथर्डी फाट्याकडे वळतो. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत काम करणाऱ्यांना तर सिडको, इंदिरानगरच सोयीचं. जून जवळ आला, मुलांचे प्रवेश आणि बदल्या सुरू झाल्या, की मागणी वाढते आणि घासाघीस करायला वाव उरत नाही. जमलं तर घर त्याआधीच शोधावं.

नुसत्या भाड्याच्या आकड्यावर जाऊ नका. मेंटेनन्स कोण भरणार? उन्हाळ्यात टँकर मागवावा लागतो का? स्वयंपाकघरातला नळ सोडून पाण्याचा जोर बघा, भिंतीच्या कोपऱ्यातली ओल हात लावून बघा. ११ महिन्यांनी भाडं किती टक्क्यांनी वाढणार, हेही आधीच ठरवा.

करार मात्र नोंदवूनच घ्या. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९च्या कलम ५५ नुसार ती जबाबदारी घरमालकाची आहे. नोंदणी नसेल तर, उलट सिद्ध होईपर्यंत, अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं. हे अनेक भाडेकरूंना ठाऊकच नसतं, याचं वाईट वाटतं. अनामत रक्कम रोख दिलीत, तर पावती घेतल्याशिवाय किल्ली घेऊ नका.