बिनशेपटीचे बिऱ्हाडकरू

गिनीपिग या प्राण्याचे बारसे ज्याने केले, त्याचे भूगोल आणि प्राणिशास्त्र हे दोन्ही विषय कच्चे असावेत. हा प्राणी आफ्रिकेतल्या गिनीचा नव्हे आणि डुकराशी तर त्याचे काडीचेही सोयरसुतक नाही. मूळचा तो दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतातला, पेरू देशाकडचा रहिवासी, कुळ उंदीर-खारींचे. तिकडच्या लोकांनी काही हजार वर्षांपूर्वी त्याला माणसाळवले ते खेळवायला नव्हे, खायला. आजही तेथे त्याला ‘कुई’ म्हणतात आणि सणासुदीला तो ताटात येतो. सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांनी त्याला युरोपात नेले, आणि तेथल्या श्रीमंत बायकांच्या मांडीवर तो जाऊन बसला. मराठीत त्याला स्वतःचे नावच नाही. शेपूट नाही, नाव नाही, आणि आवाज म्हणाल तर शिट्टीसारखा!

माझ्या आईला मात्र ‘गिनी’ हा शब्द चांगला ठाऊक होता. तिच्या लेखी गिनी म्हणजे सोन्याचे नाणे. वय ऐंशीच्या पुढे गेलेले, नजर अधू. मी पिंजरा ओट्यावर ठेवला तेव्हा तिने वाकून पाहिले आणि अहिराणीत विचारले, “हाई उंदीर शे का ससा?” मी म्हटले, “आई, ही गिनी आहे.” त्यावर तिने तिघांची नावे जागच्या जागी ठेवून दिली. तपकिरी होती ती मोहर, पांढऱ्यावर पिवळे ठिपके होते ती पुतळी, आणि काळा, जाडजूड, पसरट होता तो ढब्बू. जुन्या ढब्बू पैशासारखा.

ही मंडळी आमच्याकडे आली ती दोन वर्षांपूर्वीच्या फेब्रुवारीत. पिंप्राळा आता जळगाव महापालिकेत असले, तरी जुन्या गावठाणातल्या गल्ल्यांचा शेजारधर्म अजून गावाचाच आहे. आमच्या गल्लीच्या टोकाला भाड्याने राहणारे एक कुटुंब बदलीच्या गावी गेले. सामान गेले, माणसे गेली; गच्चीवर पत्र्याखाली हा पिंजरा तेवढा राहिला. घरमालक मला म्हणाले, “सर, शेतात सोडून देतो झाले. गवत खातील, मजेत राहतील.”

बोलणाऱ्याच्या मनात वाईट काही नव्हते. पण मी तीस वर्षे शाळेत विज्ञान शिकवले आहे. मला गप्प बसवेना. गिनीपिग रानात राहणारा प्राणीच नव्हे. त्याचे रानटी भाऊबंद दक्षिण अमेरिकेत आहेत, पण हा स्वतः जन्मोजन्मी माणसाच्या घरात वाढलेला. त्याला बीळ करता येत नाही, झाडावर चढता येत नाही, लांब उडी मारता येत नाही. मांजर, मुंगूस, घार, यांपैकी जो पहिला येईल त्याचा तो घास. शेतात सोडणे म्हणजे सुटका नव्हे. मरण डोळ्यांआड करणे. मी पिंजरा उचलला. आमच्या सौभाग्यवतींनी दारातच विचारले, “तीन दिवसांसाठी की कायमचे?” या प्रश्नाचे उत्तर मी अजून दिलेले नाही.

मोहर आणि ढब्बू ठीक दिसत होते. पुतळी मात्र मागचे पाय ओढत चालायची, सांध्यांना हात लावला की कळवळायची. मी तिला आमच्या ओळखीच्या जनावरांच्या डॉक्टरांकडे नेले. ते गृहस्थ मोठे प्रामाणिक. म्हणाले, “सर, माझे रोगी म्हणजे बैल, म्हशी आणि अलीकडे कुत्री. हा रोगी मी पुस्तकात पाहिला आहे. दोन तास द्या, वाचून सांगतो.” मला वाटते, ज्याला माहीत नाही ते वाचून सांगतो म्हणणारा डॉक्टर मिळणे हे मोठे भाग्य.

दोन तासांनी त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो खाण्याचा. गल्लीतल्या मुलांकडून कळले होते, की आधीच्या घरी पोळीचे तुकडे आणि बाजरीचे दाणे, एवढाच शिधा होता. डॉक्टर म्हणाले, “मग हा स्कर्व्ही. क जीवनसत्त्व संपले आहे हिचे.”

ही गोष्ट सर्वांनी ध्यानात ठेवावी. कुत्रा, मांजर, गाय, उंदीर यांच्या शरीरात क जीवनसत्त्व आपोआप तयार होते. माणसाच्या शरीरात होत नाही आणि गिनीपिगच्याही नाही. १९०७ साली नॉर्वेत होल्स्ट आणि फ्रोलिश या दोघा शास्त्रज्ञांनी गिनीपिगांना नुसत्या धान्यावर ठेवले, तेव्हा त्यांना खलाशांचा तो जुना रोग जडला. पुढे सेंट-ग्यॉर्गी यांनी शोधलेला पदार्थ हेच क जीवनसत्त्व होय, ही खात्री १९३२च्या सुमारास पटली तीही गिनीपिगांवरच. त्यांना १९३७ साली नोबेल पारितोषिक मिळाले. आपण मुलांच्या हातावर ती आंबटगोड गोळी ठेवतो, तिच्यामागे या मुक्या जिवांचे दुखरे सांधे आहेत.

आणि उपकार एवढेच नाहीत. आमच्या मुंबईचाच दाखला घ्या. प्लेगच्या साथीत रोग पसरतो कसा, याचा पत्ता लागत नव्हता. १९०३ साली मुंबईच्या प्राणिसंग्रहालयात गिनीपिग मरू लागले आणि लिस्टन नावाच्या डॉक्टरला त्यांच्या अंगावर उंदरांच्या पिसवा सापडल्या. पुढे १९०५ पासून प्लेग कमिशनने मुंबईत प्रयोग मांडले. ज्या घरांत प्लेगने माणसे दगावली त्या खोल्यांत गिनीपिग मोकळे सोडले. पिसवा त्यांच्या अंगावर गोळा झाल्या आणि पुष्कळसे मेले. ज्यांच्या पिंजऱ्याला पिसू शिरणार नाही इतकी बारीक जाळी होती, ते वाचले. जमिनीपासून दोन फूट उंच टांगलेल्या पिंजऱ्यांतलेही वाचले, कारण तेवढी उडी पिसवेला जमत नाही. रोग हवेतून येत नाही, उंदराच्या पिसवेतून येतो, हे असे सिद्ध झाले. ही प्रयोगशाळा परळला होती. १९२५ पासून तिला हाफकिन इन्स्टिट्यूट म्हणतात. आईने हे ऐकले तेव्हा तिला तिच्या आजीने सांगितलेले आठवले: प्लेगात गाव सोडून सारे शेतात झोपड्या बांधून राहिले होते. तेव्हापासून ती पुतळीला स्वतःच्या हाताने पेरू भरवू लागली.

आपल्याकडे १९६०च्या प्राणी-क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली नेमलेली एक समिती प्रयोगशाळांवर देखरेख करते. प्रयोग संपल्यावर जगलेल्या प्राण्यांच्या उरल्या आयुष्याची सोय लावणे हीही जबाबदारीच, असे तिचे मार्गदर्शन आहे. प्रयोगशाळेला हा नियम आहे. हौसेखातर आणून कंटाळा आला की गच्चीवर उपाशी-तहानलेले सोडून जाणे हाही त्याच कायद्याखाली गुन्हाच आहे.

पुतळीला डॉक्टरांनी गोळीची मात्रा ठरवून दिली आणि रोज ताजे खाणे सांगितले. पाण्यात गोळी विरघळवून ठेवू नका म्हणाले. तिचा गुण काही तासांत उतरतो. दहाव्या दिवशी पुतळी चारी पायांवर नीट चालू लागली. आणखी एक ताकीद त्यांनी कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून दिली: पेनिसिलीन आणि त्या जातीची अमॉक्सिसिलीनसारखी औषधे या प्राण्याला तोंडावाटे कधी देऊ नयेत. पोटातले उपकारक जंतू मरतात आणि प्राणीही मरतो. घरात मुलाच्या तापाची उरलेली बाटली असते, म्हणून मुद्दाम सांगतो.

डॉक्टरांनी ढब्बूला उलटा धरून आणखी एक शोध लावला. विकणाऱ्याने तिन्ही माद्या म्हणून दिल्या होत्या; ढब्बू नर निघाला. मोहरचे पोट कशाने सुटले होते ते तेव्हा कळले. ढब्बूचा पिंजरा त्याच दिवशी वेगळा केला, मध्ये जाळी ठेवून; कारण मादी व्याल्यावर काही तासांतच पुन्हा गाभण राहू शकते. मोहरची काळजी होती. पहिले बाळंतपण सहा-सात महिन्यांच्या आत झाले नाही, तर तिच्या कमरेची हाडे जुळून जातात आणि पिलू अडते. तिचे वय कोणास ठाऊक! मार्चअखेरीस एका पहाटे नात धावत आली, “आजोबा, तीन!” पिले जन्मली ती अंगभर केस, उघडे डोळे आणि दात घेऊन. दुसऱ्या दिवशी ती गवत कुरतडत होती. सुमारे अडुसष्ट दिवस पोटात राहून एवढी तयारी करून येणारे बाळ आपल्या घरातल्या उंदराच्या बिळात नाही. आईने नावे ठेवली: दमडी, पै आणि आणा. आणा नर होता. तीन आठवड्यांचा होताच त्याला बापाच्या बिऱ्हाडी पाठवला. त्या वयात नर वयात येतो.

खाण्याचे म्हणाल तर पाच वाट्यांपैकी चार वाटे वाळलेले गवत. दात जन्मभर वाढत असतात. गवत चावले नाही तर ते वाढून तोंडच मिटत नाही. आम्ही मारवेल आणि पवन्या वाळवून ठेवतो. हिरवी हरळी आणतो, पण कपाशीच्या बांधावरची नाही. तेथे फवारणी झालेली असते. लसूणघासात चुना जास्त, म्हणून तो गाभणीला आणि पिलांनाच. ढोबळी मिरची, कोथिंबीर, पेरूची फोड रोज. केळी जळगावची असली तरी बोटाच्या पेराएवढीच. पिंजऱ्याला खाली तारेची जाळी नको, पायांना जखमा होतात. आम्ही सुताराकडून चार फूट लांब, दोन फूट रुंद असे दोन खोके करून घेतले आणि आत फुटके माठ आडवे ठेवले. माठातून तोंड बाहेर काढून बसलेला ढब्बू दुकानाच्या गल्ल्यावरच्या शेटजीसारखा दिसतो.

खरी परीक्षा आमच्या उन्हाळ्याची. अँडीजच्या थंड हवेतला हा जीव तीस अंशांच्या वर कासावीस होतो, आणि जळगावचा मे महिना चव्वेचाळीस-पंचेचाळीस दाखवतो. म्हणून त्यांचे बिऱ्हाड आईच्या खोलीत. ती खोली जुनी, धाब्याची, मातीच्या जाड भिंतींची. घरात सर्वांत गार. खिडकीला कूलर, पिंजऱ्याच्या एका कोपऱ्यात फडक्यात गुंडाळलेली बर्फाची बाटली. मेच्या तिसऱ्या आठवड्यात एके दुपारी बारा वाजता वीज गेली ती पाचपर्यंत आली नाही. धाब्याच्या खोलीतही पारा सदतीसवर गेला. आम्ही चौघे ओली फडकी बदलत बसलो, कानांना आणि पावलांना गार पाणी लावत होतो. पिले तग धरून राहिली, मोहरही. पुतळी साडेचारला गेली. आजाराने तिचे अंग आधीच झिजलेले होते. नातीने तिला जास्वंदीखाली पुरले. आई त्या रात्री जेवली नाही. म्हणाली, भूक नाही.

त्यानंतर आम्ही उसने-पासने करून इन्व्हर्टर घेतला. पाहुणे म्हणतात, उंदरांसाठी? म्हणू देत.

या प्राण्याचे दुखणे कळत नाही हे त्याचे सर्वांत मोठे दुर्दैव. शिकाऱ्याच्या तावडीत दुबळा आधी सापडतो, म्हणून तो अखेरपर्यंत धडधाकट असल्याचे सोंग करतो. दिवसभर खाल्ले नाही तर जीव धोक्यात, आणि आपल्याला पत्ता नाही! त्यावर उपाय स्वयंपाकघरातल्या काट्याचा. दर रविवारी सकाळी सौभाग्यवती डाळ-तांदूळ बाजूला सारून एकेकाला परडीत बसवतात आणि नात वहीत वजन लिहिते. पन्नास ग्रॅम उतरले की मी चप्पल घालून डॉक्टरांकडे निघतो. वहीमुळे ढब्बूच्या दाढेचा फोड एकदा वेळेत सापडला.

आषाढी एकादशीला आमच्या पिंप्राळ्याचा रथ निघतो. ढोल-ताशांचा दणका धाब्यापर्यंत येतो, तेव्हा सारे माठात दडून बसतात. दिवाळीतही तेच. फटाक्यांच्या चार दिवसांत आम्ही खिडकीला गोधडी लावतो आणि गवताचा ढीग दुप्पट करतो. त्यात तोंड खुपसले की त्यांना धीर येतो. उलट, सकाळी कोथिंबिरीच्या पिशवीचा आवाज झाला की पाचही जण एकदम शिट्ट्या मारतात, आणि पिले जागच्या जागी लाह्यांसारखी उडतात.

बातमी पसरली तशी माणसे येऊ लागली. काही मागायला येतात: “सर, मुलीच्या वाढदिवसाला एक द्या ना.” एक देत नाही. हा कळपातला प्राणी. स्वित्झर्लंडात २००८ पासून एकटा गिनीपिग पाळायला कायद्याने मनाई आहे. दोन न्या, मोठे खोके करा, पाच ते आठ वर्षे सांभाळा, असे सांगितले की बहुतेक जण चहा पिऊन जातात. त्यांचा मला राग येत नाही; नंतर गच्चीवर सोडण्यापेक्षा आधी नाही म्हटलेले बरे.

काही जण द्यायला येतात. तीन आठवड्यांपूर्वी एक बाई आपल्या मुलाला घेऊन आल्या. हातात बुटांचे खोके. मुलगा वसतिगृहात जायचा होता. खोक्यात पांढराशुभ्र नर, वजन पाचशे नव्वद ग्रॅम, नखे वळून तळव्याला टेकलेली. बाई म्हणाल्या, “काका, आम्हांला माहीतच नव्हते हो, नखे कापावी लागतात.” मुलगा खाली मान घालून उभा होता. मी त्याच्या हातात नखे कापायची कात्री दिली आणि कोठपर्यंत कापायचे ते दाखवले. पहिले नख त्याने कापले, उरलेली मी.

नवा पाहुणा आला की त्याला दोन-तीन आठवडे वेगळ्या खोलीत ठेवावे लागते. खरूज, नायटा, सर्दी असेल तर ती बाकीच्यांना लागू नये. त्याला हात लावल्यावर साबणाने हात धुवावे लागतात, कारण नायटा मुलांनाही होतो. आईने त्याचे नाव ‘बंदा’ ठेवले आहे. चांदीचा बंदा रुपया. मागच्या रविवारी त्याचे वजन सहाशे चाळीस भरले. येत्या रविवारी त्याची मुदत संपते. त्याला ढब्बू आणि आणा यांच्या शेजारी जाळीपलीकडे ठेवायचे, दात वाजवतात की शांत राहतात ते चार दिवस पाहायचे, असे ठरले आहे. सुताराला तिसऱ्या खोक्याचे माप देऊन ठेवले आहे. दिवाळी झाल्यावर देतो म्हणाला.