पोषणसमृद्ध अन्नपिके
पोषणसमृद्ध अन्नपिके : निवड, संकरण किंवा जनुकांतरण (एका सजीवाचे जनुक दुसऱ्याच्या पेशीत कायमचे बसविणे) यांच्या साहाय्याने आनुवंशिक घडण बदलून ज्यांच्या खाद्य भागातील लोह, जस्त, जीवनसत्त्वे वा प्रथिने यांचे प्रमाण वाढविलेले असते, अशा अन्नपिकांना ही संज्ञा लावतात. गिरणीतून निघालेल्या तांदळात किंवा पिठात पोषकद्रव्ये मिसळणे ही क्रिया याहून निराळी आहे. तिच्यात धान्य तेच राहते, भर बाहेरून पडते. पोषणसमृद्ध पिकात ही भर दाण्यातच असते आणि बियाण्याबरोबर पुढील पिढीत उतरते.

हा भेद व्यवहारात किती महत्त्वाचा आहे, हे पुणे जिल्ह्यातील भोर व वेल्हे (राजगड) या तालुक्यांवरून चांगले समजते. हिरडस मावळ, गुंजण मावळ, कानद खोरे व मोसे खोरे हे जुने प्रदेश या तालुक्यांत येतात. सह्याद्रीच्या माथ्यालगत पाऊस भरपूर पडतो. पूर्वेस पुणे-सातारा रस्त्याकडे तो झपाट्याने कमी होतो. नीरा, वेळवंडी, गुंजवणी, कानंदी यांच्या खोऱ्यांतील बांध घातलेल्या खाचरांत भात, तर उतारावरील हलक्या वरकस जमिनीत नाचणी व वरी, ही येथील परंपरागत पीकरचना आहे. उन्हाळ्यात राब भाजून रोपे तयार करावयाची, पावसाचा जोर धरला की लावणी करावयाची आणि दिवाळीच्या सुमारास कापणी, हा भाताचा क्रम होय. अनेक कुटुंबे आपल्या खाचरातील भात जवळच्या गिरणीत भरडून वर्षभर खातात. स्वस्त धान्य दुकानांतून देण्यासाठी लोह, फॉलिक अम्ल व ब१२ जीवनसत्त्व असलेले दाणे साधारणपणे शंभरास एक या प्रमाणात तांदळात मिसळण्याची योजना केंद्र शासनाने २०२१ मध्ये जाहीर केली. तिचा लाभ शिध्याच्या तांदळापुरताच असतो. घरच्या कणगीतल्या तांदळापर्यंत तो पोहोचत नाही. त्या तांदळात काही भर घालावयाची असेल, तर ती बियाण्यातूनच घालावी लागेल.

अशी भर घालण्याची गरज का वाटते, हे अन्नघटकांच्या आकड्यांवरून दिसते. हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या सारणीनुसार सडलेल्या पांढऱ्या तांदळाच्या एका किलोग्रॅममध्ये सु. ६.५ मिग्रॅ. लोह, १२ मिग्रॅ. जस्त व ७५ मिग्रॅ. कॅल्शियम असते. न सडलेल्या तांदळात लोह सु. १० मिग्रॅ. व जस्त १७ मिग्रॅ. आढळते. याउलट एक किलोग्रॅम नाचणीत लोह सु. ४६ मिग्रॅ., जस्त २५ मिग्रॅ. आणि कॅल्शियम तब्बल ३,६४० मिग्रॅ. असते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९–२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांत व ६ ते ५९ महिने वयाच्या ६८.९ टक्के बालकांत पांडुरोग (रक्तक्षय) आढळला. पांडुरोग केवळ लोहाच्या अभावानेच होतो असे नाही. जंत, हिवताप, वारंवार होणारे संसर्ग व इतर जीवनसत्त्वांची उणीव हीही त्याची कारणे आहेत. तरी लोहाची उणीव हे त्याचे एक मोठे कारण होय.

दाण्याची रचना : तांदळाच्या दाण्यातील लोह मुख्यत्वे बाहेरील कोंड्याच्या थरात व अंकुरात असते. आतील पुष्कात (वाढणाऱ्या गर्भाला अन्न पुरविणाऱ्या पेशीसमूहात) ते फारच थोडे असते आणि गिरणीतून मागे उरते ते पुष्कच. उखळात सडलेल्या तांदळावर कोंड्याचा काही अंश राहत असे. यांत्रिक गिरणीत तो निघून जातो. लोह अधिक असलेला वाण साध्या संकरणाने मिळाला, तरी वाढलेले लोह जर कोंड्यातच साठले, तर ते माणसाऐवजी गुरांच्या वाट्याला जाते. जस्त मात्र दाण्याच्या आतपर्यंत अधिक प्रमाणात पोचते. त्यामुळे जस्तसमृद्ध भाताचे वाण संकरणाने काढता आले, उदा., हैदराबादच्या भात संशोधन संस्थेच्या ‘डीआरआर धान ४५’ (२०१६) या वाणाच्या सडलेल्या तांदळात दर किलोग्रॅमला २२.६ मिग्रॅ. जस्त असते. लोहाच्या बाबतीत असे यश मिळाले नाही, आणि जनुकांतरणाचा विचार पुढे आला तो या अडचणीमुळे.

निवड व संकरण : बाजरी, ज्वारी, नाचणी ही धान्ये कोंड्यासकट दळली जातात, त्यामुळे त्यांच्या बाबतीत ही अडचण नाही. महाराष्ट्रातील यशाचे सर्वांत परिचित उदाहरण बाजरीचे आहे. आफ्रिकेतील टोगो देशाच्या उत्तर भागातील एका स्थानिक बाजरीतून हैदराबादजवळच्या आंतरराष्ट्रीय कृषिसंशोधन संस्थेने ‘आयसीटीपी ८२०३’ हा वाण निवडला होता; १९८८ मध्ये तो प्रसारित झाला व महाराष्ट्रात रुजला. त्याच वाणातून लोह अधिक असलेली झाडे निवडून तयार केलेला ‘धनशक्ती’ हा वाण राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या सहकार्याने २०१२ मध्ये महाराष्ट्रात व २०१४ मध्ये देशभरासाठी प्रसारित करण्यात आला. त्यात दर किलोग्रॅमला सु. ७१ मिग्रॅ. लोह असते. मूळ वाणाच्या मानाने ही वाढ सु. ९ टक्केच आहे. मूळ वाणच लोहाने संपन्न होता, हे येथे विसरता येत नाही. धनशक्ती संकरित वाण नसल्याने शेतकऱ्यास घरचे बी पुढील वर्षी पेरता येते. २०१८ पासून बाजरीचा नवा वाण राष्ट्रीय पातळीवर प्रसारित करण्यासाठी त्यात दर किलोग्रॅमला किमान ४२ मिग्रॅ. लोह व ३२ मिग्रॅ. जस्त असावे, अशी अट घालण्यात आली. परभणीच्या कृषी विद्यापीठाचा ‘परभणी शक्ती’ हा ज्वारीचा वाण आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेचा ‘एमएसीएस ४०२८’ हा जिरायती गव्हाचा वाण हेही याच मार्गाने निघाले आहेत.

दाण्यात लोह वाढले म्हणजे ते रक्तात वाढतेच असे नाही. ते प्रयोगानेच ठरवावे लागते. महाराष्ट्रातील वसतिगृहांत राहणाऱ्या १२ ते १६ वर्षांच्या २४६ मुलामुलींना लोहसमृद्ध अथवा साध्या बाजरीची भाकरी व शेव देऊन केलेल्या प्रयोगाचे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. लोहसमृद्ध बाजरी खाणाऱ्या मुलांत शरीरातील लोहाचा साठा वाढला. ज्यांना आरंभी लोहाची उणीव होती, त्यांची ती सहा महिन्यांत भरून निघण्याची शक्यता साध्या बाजरीच्या गटाच्या तुलनेत १.६४ पट आढळली. मात्र मुंबईच्या झोपडपट्ट्यांतील १२ ते १८ महिन्यांच्या बालकांवर केलेल्या व २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात एकंदर गटाच्या लोहस्थितीत लक्षणीय फरक दिसला नाही. तान्ह्या मुलाचा आहार थोडा आणि संसर्ग वारंवार, त्यामुळे पहिल्या प्रयोगाचे अनुमान सर्व वयांना सरसकट लावणे बरोबर ठरणार नाही.

जनुकांतरण : तांदळाच्या पुष्कातच लोह साठावे यासाठी जपानमध्ये १९९९ साली सोयाबीनमधील फेरिटिन (लोह साठविणारे प्रथिन) तयार करणारे जनुक भातात बसविण्यात आले व दाण्यातील लोह तिपटीपर्यंत वाढले. कोलकाता विद्यापीठात भाताचेच फेरिटिन जनुक सुवासिक वाणात अधिक कार्यक्षम करून लोह सु. दुप्पट करण्यात आले. परंतु नुसते कोठार मोठे करून भागत नाही. माल तेथवर वाहून न्यावा लागतो. वनस्पतीच्या शरीरात लोह व जस्त यांचे वहन करण्यास निकोशियानामाइन हे संयुग मदत करते. ते तयार करणाऱ्या एंझाइमाचे (जीवरासायनिक विक्रिया घडवून आणणाऱ्या प्रथिनाचे) भातातील जनुक आणि सोयाबीनचे फेरिटिन जनुक अशी जोडी ‘आयआर ६४’ या वाणात बसविल्यावर शेतातील चाचण्यांत सडलेल्या तांदळात दर किलोग्रॅमला १५ मिग्रॅ. लोह व सु. ४५ मिग्रॅ. जस्त आढळले आणि उत्पन्नही घटले नाही (२०१६). वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने हे मोठेच यश आहे. तरीही हा लोहांश नाचणीतील लोहांशाच्या जवळजवळ एक-तृतीयांशच भरतो.

अ जीवनसत्त्वाच्या उणिवेवर योजलेला सोनेरी तांदूळ हे जनुकांतरणाचे सर्वांत गाजलेले उदाहरण होय. भाताच्या पानांत कॅरोटीन असते. पुष्कात मात्र ते तयार करणाऱ्या विक्रियांची साखळी तुटलेली असते. झुरिकचे इंगो पोट्रिकुस व फ्रायबुर्कचे पेटर बायर यांनी २००० साली डॅफोडिल हे फुलझाड व एक सूक्ष्मजंतू यांची जनुके बसवून तुटलेले दुवे जोडले. दाणे पिवळसर झाले, पण त्यांत दर ग्रॅमला केवळ १.६ मायक्रोग्रॅम कॅरोटीन होते. डॅफोडिलऐवजी मक्याचे जनुक वापरल्यावर २००५ मध्ये हे प्रमाण ३७ मायक्रोग्रॅमपर्यंत गेले. अशा तांदळातील सु. ३.८ भाग बीटा-कॅरोटिनापासून शरीरात एक भाग अ जीवनसत्त्व तयार होते, असे प्रौढ स्वयंसेवकांवरील प्रयोगात दिसून आले. फिलिपीन्सने २०२१ मध्ये लागवडीस परवानगी दिली. एप्रिल २०२४ मध्ये तेथील अपील न्यायालयाने ती रद्द केली.

भारतात नवी दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत हा गुणधर्म ‘स्वर्णा’ या लोकप्रिय वाणात आणण्याचा प्रयत्न झाला. तो का फसला, हे समजून घेण्यासारखे आहे. कॅरोटीन दाण्यात आले. पण झाडे खुजी राहिली, पाने फिकट झाली व उत्पन्न घटले. शोधाअंती असे आढळले (२०१७), की नवे जनुक भाताच्या गुणसूत्रावर ज्या जागी बसले, त्या जागी वाढीच्या संप्रेरकाचे वहन नियंत्रित करणारे भाताचे स्वतःचे जनुक होते आणि ते खंडित झाले होते. कोणते जनुक घातले, याइतकेच ते कोठे बसले यालाही महत्त्व असते. दुसऱ्या ठिकाणी बसलेल्या जनुकाच्या वाणात हाच दोष येईल असे नाही. म्हणून प्रत्येक वाण स्वतंत्रपणे तपासावा लागतो.

स्थानिक वाणांचा प्रश्न : भोर-वेल्हे भागात ‘इंद्रायणी’ हा सुवासिक भात विशेष लोकप्रिय आहे. ‘आंबेमोहोर १५७’ व ‘आयआर ८’ यांच्या संकरातून वडगाव मावळ येथील संशोधन केंद्रात तो तयार झाला व १९८७ मध्ये प्रसारित करण्यात आला. त्यात लोह वा जस्ताचा गुणधर्म आणावयाचा, तर प्रतीप संकरण (संकरित प्रजेचा मूळ वाणाशी पुनःपुन्हा संकर) करावे लागेल. सुवासाचे मुख्य जनुक अप्रभावी असल्याने प्रत्येक टप्प्यावर सुवासाची तपासणी अपरिहार्य ठरते. सुवास, मऊपणा व पांढरा रंग यांवर या तांदळाचा भाव ठरतो. पिवळा दाणा किंवा सुवास गमावलेला दाणा बाजारात नेऊन शेतकऱ्याने पोषणाचा भार सोसावा, अशी अपेक्षा करणे अन्यायाचे होईल. जस्त वाढल्याने मात्र रंगात वा वासात फरक पडत नाही. तेव्हा इंद्रायणीसारख्या वाणात प्रथम जस्ताचाच प्रयत्न करणे व्यवहार्य दिसते.

जनुकांतरित पिकांवर भारतात पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, १९८६ व त्याखालील १९८९ चे नियम लागू होतात. २००२ मध्ये परवानगी मिळालेला कापूस वगळता असे कोणतेही पीक २०२५ पर्यंत व्यापारी लागवडीत आलेले नव्हते. बीटी वांग्याला फेब्रुवारी २०१० मध्ये स्थगिती देण्यात आली. बाहेरचे जनुक शिल्लक न ठेवता वनस्पतीच्याच जनुकात केलेल्या संपादनाला २०२२ मध्ये या नियमांतील काही तरतुदींतून सूट मिळाली.

मर्यादा : काही उणिवांवर पिकातील बदल हा उपायच होऊ शकत नाही. ब१२ जीवनसत्त्व फक्त सूक्ष्मजंतू तयार करतात व ते माणसाला मुख्यतः प्राणिज अन्नातून मिळते. पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ पासून झालेल्या मातृपोषण अभ्यासात सु. दोन-तृतीयांश गर्भवतींत ब१२ कमी आढळले होते. ही उणीव दूध, अंडी, मासळी किंवा औषध यांनीच भरून निघेल. धान्यातील फायटिक अम्लही लोहाला व जस्ताला बांधून ठेवते, त्यामुळे दाण्यातील सर्व लोह शरीराला मिळत नाही. नाचणीबाबत हे विशेष खरे आहे. परंतु नाचणी भिजवून मोड आणल्यास फायटिक अम्ल कमी होते, व आंबविण्यानेही तेच साधते. मोड आलेल्या नाचणीचे सत्त्व व आंबील हे घरोघरचे प्रकार या दृष्टीने शास्त्रशुद्ध आहेत.

नाचणीचे राज्यातील क्षेत्र मात्र गेल्या काही दशकांत घटत आले आहे. उतारावर रोपे लावणे, कणसे खुडणे, झोडपणे व पाखडणे ही कामे कष्टाची असून ती बहुतांशी स्त्रियांच्या अंगावर पडतात. शिध्याचा तांदूळ कमी श्रमात मिळतो. कोल्हापूर व दापोली येथील संशोधकांनी नाचणीचे सुधारित वाण दिले, पण भात-गव्हाच्या तुलनेत या पिकाकडे आनुवंशिकीचे लक्ष उशिराच वळले. त्याच्या संपूर्ण जनुकसंचाचा पहिला आराखडा बंगळूरच्या कृषी विद्यापीठातील संशोधकांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केला. भाताचा असा आराखडा २००२ मध्येच तयार झाला होता.