गिअर तेलाची खरी कसोटी

ट्रॅक्टरच्या इंजिनातील तेल वेळेवर बदलण्याची सवय आता बहुतेक शेतकऱ्यांना लागली आहे. परंतु गिअरपेटी व मागील आसातील तेलाकडे अद्याप पुष्कळदा दुर्लक्ष होते. भारी काळ्या जमिनीत नांगरट चालू असता किंवा उसाने भरलेली ट्रॉली चढावर ओढीत असता मोठा ताण पडतो तो याच भागांवर. म्हणून हे तेल कसे पारखले जाते, याची थोडी माहिती प्रत्येक ट्रॅक्टरमालकास असणे इष्ट आहे.

गिअरचे दाते एकमेकांवर केवळ लोळत नाहीत, तर घासतही जातात. त्यांचा स्पर्श अरुंद पट्टीवर होत असल्याने तेथे दाब अतिशय वाढतो. वेग कमी व भार जास्त असला म्हणजे मधला तेलाचा थर पातळ होत जाऊन धातूला धातू भिडतो. उष्णतेने पृष्ठभाग क्षणमात्र चिकटतात व ओरबाडून निघतात. हे टाळण्यासाठी तेलात गंधक व स्फुरद यांची संयुगे मिसळतात. तापलेल्या जागी ती लोखंडाशी संयोग पावून अगदी पातळ थर तयार करतात. मग झीज होते ती मुख्यतः या थराची, दात्याची नव्हे. अशा तेलास अतिदाब तेल किंवा ईपी तेल म्हणतात.

हा गुण रंगावरून, वासावरून अथवा बोटांत चोळून कळत नाही. डब्यावरील ९० किंवा १४० हा आकडाही केवळ दाटपणाचा होय. त्याकरिता प्रयोगशाळेतील यंत्रेच लागतात. त्यांपैकी चार गोळ्यांच्या यंत्रात १२.७ मिलिमीटर व्यासाच्या तीन पोलादी गोळ्या तेलाच्या वाटीत घट्ट बसवतात आणि चौथी गोळी त्यांवर दाबून मिनिटास सुमारे १,७६० फेऱ्यांच्या वेगाने १० सेकंद फिरवतात. दर वेळी नव्या गोळ्या घेऊन भार वाढवीत नेतात. ज्या भाराखाली गोळ्या एकमेकींस जडतात, तो त्या तेलाचा वेल्ड भार. एफझेडजी नावाच्या दुसऱ्या चाचणीत प्रत्यक्ष गिअरची जोडी चालवतात. तीत भाराच्या १२ पायऱ्या असून प्रत्येक पायरी १५ मिनिटांची असते व दाते ओरबाडले गेले की काय ते तपासले जाते.

एका कृषी प्रदर्शनात प्रस्तुत लेखकाने पाहिलेला प्रकार येथे सांगण्याजोगा आहे. एक विक्रेता फिरत्या पोलादी कड्यावर दांड्याने बेअरिंग दाबून दाखवीत होता. साध्या तेलात यंत्र लगेच अडे. बाटलीतील औषधाचे काही थेंब टाकताच ते मोठ्या भाराखालीही चाले. एका शेतकऱ्याने ती बाटली घेतली. मात्र नांगरटीपूर्वी गिअरपेटीत ओतण्याआधी सल्ला विचारण्याची दक्षता त्याने दाखवली, हे बरे झाले.

त्या प्रयोगात डोळ्यांस दिसले ते खोटे नव्हते, पण काढलेला निष्कर्ष चुकीचा होता. कड्याचा व बेअरिंगचा स्पर्श आरंभी जवळजवळ बिंदूवर असतो. थोडी झीज होताच स्पर्शाची जागा रुंदावते व भार तोच राहिला तरी दाब उतरतो. शिवाय क्लोरिनयुक्त पदार्थ अशा यंत्रावर फार चमक दाखवतात. पण गिअरपेटीत उष्णता व ओल मिळाली की त्यांपासून आम्ल तयार होऊन धातू गंजू शकतो. काही मिनिटांच्या खेळात हा गंज दिसावयाचा नाही. तो पुढल्या हंगामात दिसेल. म्हणूनच चांगल्या गिअर तेलाची परीक्षा केवळ भारावर होत नाही. तापलेल्या तेलात तांब्याची पट्टी ३ तास ठेवून ती काळवंडते काय, हे पाहतात. जीएल-५ प्रतीच्या तेलास तर प्रत्यक्ष आसावर जड भाराच्या, धक्क्याच्या व ओलाव्यातील गंजाच्या चाचण्यांतून जावे लागते.

यास्तव पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात :

१. ट्रॅक्टरबरोबर मिळालेल्या पुस्तिकेत सांगितलेल्या प्रतीचे व दाटपणाचेच तेल घालावे. वेल्ड भाराचा मोठा आकडा पाहून तेल बदलू नये.

२. जीएल-४ सांगितले असता जीएल-५ वरचढ समजून ओतू नये. जास्त तीव्र रसायनांनी पितळ व ब्राँझच्या भागांस बाधा होऊ शकते.

३. ब्रेक तेलात बुडालेले असल्यास अथवा गिअर व हायड्रॉलिक यांचे तेल एकच असल्यास त्यासाठी ठरवून दिलेले तेलच वापरावे. साधे ईपी तेल तेथे चालत नाही.

४. चिखलणीनंतर तेलाची पातळी व रंग पाहावा. तेल दुधाळ दिसल्यास पाणी शिरले आहे असे समजून कारण शोधावे व तेल बदलावे.

५. तेल काढताना बुचास लागलेला कीस पाहावा. बारीक पूड थोडी असणे साहजिक आहे. परंतु तुकडे किंवा कपच्या आढळल्यास कारागिरास दाखविल्यावाचून ट्रॅक्टर चालवू नये.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी गावातील ट्रॅक्टरमालकांना एकत्र करून त्यांच्या पुस्तिकांतील तेलाचे पान वाचून दाखवावे आणि प्रत्येकाच्या ट्रॅक्टरचे तेल व बदलाचे तास एका कागदावर लिहून द्यावेत. ऐन पेरणीत गिअरपेटी उघडावी लागली, तर दुरुस्तीच्या खर्चापेक्षाही हातचा गेलेला वाफसा अधिक महाग पडतो.