पाय, भोक आणि डाख

जुन्या ट्रान्झिस्टर रेडिओचे मागचे झाकण काढले, की आत एक तपकिरी बोर्ड दिसतो. त्याच्या एका अंगाला रंगीत पट्ट्यांचे रेझिस्टर, चकतीसारखे कपॅसिटर, तीन पायांचे ट्रान्झिस्टर अशी दाटी असते. बोर्ड उलटा केला की दृश्य पालटते. तांब्याच्या वाटा, आणि त्या वाटांवर जागोजागी चांदीसारखे चकाकणारे थेंब. प्रत्येक थेंबाच्या मधून तारेचे एक कापलेले टोक डोकावत असते. घटक एका बाजूला बसलेला, त्याचे पाय बोर्डातल्या भोकांतून दुसऱ्या बाजूला निघालेले, आणि तिथे कथील-शिशाच्या थेंबाने ते धरून ठेवलेले. या जोडणीला ‘थ्रू-होल’ म्हणतात. आपण तिला आरपार जोडणी म्हणू.

इलेक्ट्रॉनिकीचा इतिहास सांगताना व्हॉल्व्ह, ट्रान्झिस्टर, चिप अशी घटकांची वंशावळ सांगायची पद्धत आहे. हे घटक एकमेकांना जोडले कसे जात होते, याकडे सहसा कोणी वळत नाही. वास्तविक उपकरण कोणाच्या हातून घडणार आणि बिघडल्यावर कोणाच्या हाती जाणार, हे बरेचसे जोडणीवर अवलंबून राहिले. पूर्वी वस्तू दुरुस्त होत, आता फेकाव्या लागतात, कारण आतले सगळे सूक्ष्म झाले, अशी हळहळ आपण नेहमी ऐकतो. ती कितपत खरी आहे हे तपासायचे, तर आधी या भोकाचे काम समजून घ्यावे लागेल.

व्हॉल्व्हच्या काळात बोर्डच नव्हता. पत्र्याच्या सांगाड्याखाली धातूचे कान असलेल्या पट्ट्या ठोकलेल्या असत. त्या कानांत तारांची टोके अडकवून एकेक सांधा हाताने झाळला जाई. एका रेडिओत असे शेकडो सांधे. १९३६ साली व्हिएन्नाहून लंडनला आलेल्या पॉल आइस्लर या अभियंत्याने तारांऐवजी तांब्याच्या पातळ पत्र्यावरच वाटा कोरण्याची कल्पना मांडली आणि तसा रेडिओ करून दाखवला. कारखानदारांना तिचे फारसे कौतुक वाटले नाही. तारा जोडायला मुली स्वस्तात मिळतात, अशा अर्थाचे उत्तरही आपल्याला मिळाल्याचे त्याने पुढे आत्मचरित्रात नोंदवले आहे. छापील सर्किटाला खरी गती दिली ती युद्धाने.

वाटा छापल्या तरी घटकांचे पाय त्या वाटांना एकेक करून झाळावे लागत असतील, तर अर्धेच काम वाचते. हा अडसर १९४९ साली अमेरिकी सैन्याच्या सिग्नल कोअरमधल्या स्टॅनिस्लॉस डॅन्को आणि मो अब्रामसन यांनी दूर केला. त्यांची युक्ती ऐकायला सोपी आहे: वाटेच्या टोकाला भोक पाडा, घटकाचा पाय त्यातून ओवा, आणि मग सगळ्या बोर्डाची तांब्याची बाजू वितळलेल्या सोल्डरमध्ये एकदम बुडवा. शंभर सांधे एका बुडीत. पुढे १९५० च्या दशकात इंग्लंडमध्ये याचेच सुधारलेले रूप आले. बोर्ड बुडवण्याऐवजी भांड्यातल्या सोल्डरची एक स्थिर लाट उठवायची आणि बोर्ड तिच्या माथ्याला चाटून पुढे न्यायचा. सुमारे २५० अंश सेल्सिअसची ती लाट दोन-चार सेकंदच बोर्डाला लागते. गंमत अशी, की छापील सर्किट त्या वेळी हलक्या प्रतीचे मानले जाई. अमेरिकेतली झेनिथ कंपनी आपल्या टीव्हीत छापील सर्किट नाही, सगळे हाताने जोडलेले आहे, अशी जाहिरात कित्येक वर्षे करत होती.

आता प्रत्यक्ष सांधा. ज्यांनी वाड्याच्या अंगणात किंवा गल्लीच्या तोंडाशी कल्हईवाला बसलेला पाहिला आहे, त्यांना हे रसायन नव्याने शिकवायला नको. पितळेच्या भांड्यात ताक-आमटी कळकू नये म्हणून तो भांडे तापवतो, नवसागर टाकतो, पांढरा धूर निघतो, मग कथलाची कांडी टेकवून कापसाच्या बोळ्याने ते क्षणात सगळीकडे फिरवतो. नवसागराचे काम धातूवरचा ऑक्साइडचा थर काढण्याचे. तो निघाल्याशिवाय कथील तांब्या-पितळेला धरत नाही, अळवावरच्या पाण्यासारखे घरंगळते. सोल्डरिंगमध्ये नवसागराच्या जागी चिडाच्या झाडाची राळ असते, कारण नवसागराचे अवशेष बारीक तारा खाऊन टाकतात. बाकी कथा तीच. कथील आणि तांबे नुसते चिकटत नाहीत. सांध्यावर काही मायक्रॉन जाडीचा, दोघांपासून बनलेला एक नवाच थर तयार होतो. डाख बसला म्हणजे हा थर तयार झाला.

रेडिओवाल्यांचे आवडते मिश्रण होते ६३ भाग कथील आणि ३७ भाग शिसे. कथील एकटे २३२ अंशांना वितळते आणि शिसे ३२७ अंशांना, पण या प्रमाणात एकत्र आले की दोन्ही १८३ अंशांनाच पाणी होतात, आणि थंड होताना मधल्या लापशीसारख्या अवस्थेत न रेंगाळता एकदम घट्ट होतात. रेंगाळण्याच्या काळात पाय हलला तर सांधा खडबडीत, कच्चा होतो. पाय मळलेला असेल किंवा नीट तापला नसेल, तरी वरून थेंब दिसतो आणि आतून धरलेले काही नसते. याला आपल्याकडचे मेकॅनिक ‘ड्राय सोल्डर’ म्हणतात.

थापट मारली की चालू होणारा टीव्ही हा १९८० च्या दशकातल्या घराघरांतला अनुभव. त्याचे एक नेहमीचे कारण या भोकापाशी असे. टीव्हीत उच्च दाबाचा एक जड ट्रान्सफॉर्मर असायचा, मेकॅनिकच्या भाषेत ईएचटी. स्वस्त बोर्डाला तांबे एकाच बाजूला असे आणि भोकाची आतली भिंत कोरडी. म्हणजे ट्रान्सफॉर्मरचे सगळे वजन खालच्या थेंबांवर. टीव्ही लावला की तापायचा, बंद केला की निवायचा. बोर्ड जाडीच्या दिशेने तांब्यापेक्षा कितीतरी जास्त फुगतो, त्यामुळे रोज थेंबाला एक झटका बसायचा. वर्षा-दोन वर्षांत पायाभोवती केसाएवढी गोल चीर पडायची. थापटीने चिरेच्या दोन कडा टेकायच्या आणि चित्रहार पुन्हा सुरू व्हायचा. ती चीर शोधायला भिंग आणि चांगला उजेड पुरे, बुजवायला तापलेली इस्त्री आणि चिमूटभर सोल्डर. घरी येऊन पाच मिनिटांत टीव्ही चालू करून जाणाऱ्या माणसाची जादू बऱ्याच वेळा एवढीच होती, आणि त्याने ती कधी फोडली नाही, यात त्याचे काय चुकले?

या दोषावर उपाय तेव्हाही होता. भोकाच्या आतल्या भिंतीवरही तांब्याचा मुलामा चढवला, तर सोल्डर केशाकर्षणाने भोकात वर चढते आणि पाय पूर्ण उंचीभर धरला जातो. चांगल्या कामात भोक किमान तीन चतुर्थांश भरलेले असावे अशी अपेक्षा असते. साधारण १.६ मिलिमीटर जाडीच्या बोर्डात असा सांधा खिळ्यासारखा नव्हे, रिव्हेटसारखा काम करतो. शिवाय मुलाम्यामुळे वरच्या आणि खालच्या वाटा एकमेकींना जोडता आल्या, आणि पुढे मधे आणखी थर घालता आले.

१९६४ च्या सुमारास फेअरचाइल्ड कंपनीने चिपसाठी दोन रांगांत पाय असलेला डबा काढला. शतपावलीसारखे दोन्हीकडे पाय, दोन शेजारच्या पायांमध्ये एक दशांश इंच, म्हणजे २.५४ मिलिमीटर. हे अंतर माणसाची बोटे, डोळे आणि इस्त्रीचे टोक यांना सोसणारे होते, म्हणून ते पुढची दोन-तीन दशके जगभर टिकले. आठ पायांचा ‘५५५’ टायमर १९७२ साली आला तो याच डब्यात, आणि अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांच्या हातात तो अजून त्याच रूपात पडतो.

बोटांना सोसणारे म्हणजे बोटांना जुंपणारेही. अंधेरीला १९७३ साली सीप्झ सुरू झाले ते इलेक्ट्रॉनिक मालाच्या निर्यातीसाठी, आणि तिथल्या जुळणीच्या टेबलांवर मोठ्या संख्येने होत्या त्या तरुण मुली. पाय वाकवायचे, भोकात ओवायचे, बोर्ड पुढे सरकवायचा. या कामाला कारखान्यात ‘स्टफिंग’ म्हणतात, जणू भरली वांगीच. आइस्लरला लंडनमध्ये मिळालेले उत्तर असे चाळीस वर्षांनी उलटून आले. ज्या शोधाने मुलींचे काम जायचे होते, त्याने त्यांना तारेऐवजी भोकापाशी बसवले. आरपार जोडणीचे गोडवे गाताना हे विसरू नये.

मग भोके गेली कशी? भोक फार जागा खाते. ते बोर्डाच्या सगळ्या थरांतून जाते, त्यामुळे मधल्या थरांतल्या वाटांना वळसा घालावा लागतो आणि मागची बाजूही अडते. पायांच्या लांबीमुळे वेगवान संकेत बिघडतात. घटक थेट पृष्ठभागावर बसवण्याची रीत आयबीएमने १९६० च्या दशकात वापरली, अवकाशयानांच्या संगणकात. १९८० नंतर ती सर्वत्र पसरली. बोर्डावर सोल्डरची पेस्ट छापायची, यंत्राने तासाला हजारोंच्या वेगाने घटक ठेवायचे, आणि सगळे भट्टीतून काढायचे. पूर्वीचा रेझिस्टर अंगाने सहा मिलिमीटर, शिवाय मिशा वेगळ्या. आज फोनमधला रेझिस्टर ०.४ बाय ०.२ मिलिमीटरचा असू शकतो. तो रव्याच्या कणात मिसळला तर सापडायचा नाही.

तरीही भोक संपलेले नाही. जिथे ओढाताण आहे, वजन आहे, मोठी वीज आहे, तिथे ते आहेच. यूपीएसमधला ट्रान्सफॉर्मर, मिक्सरमधला रिले, मोठे कपॅसिटर, प्लग लावायची सॉकेटे. स्वस्त फोनचे चार्जिंगचे तोंड केवळ पृष्ठभागावर झाळलेले असेल, तर केबल ओढता ओढता एक दिवस ते तांब्यासकट उखडून हातात येते. चांगल्या बनावटीत त्याच्या पत्र्याचे दोन-चार पाय बोर्डात रोवलेले असतात, बाकीच्या संकेताच्या पिना वर. मोटारींच्या काही बोर्डांत तर पाय झाळतच नाहीत. लवचीक पिन मुलामा दिलेल्या भोकात दाबून बसवतात.

आता त्या हळहळीकडे येतो. मुंबईचा लॅमिंग्टन रोड किंवा पुण्यात बुधवार पेठेतली तपकीर गल्ली इथे फिरले, की सूक्ष्म घटकांमुळे दुरुस्ती मेली हे म्हणणे टिकत नाही. गरम हवेची पिचकारी आणि सूक्ष्मदर्शक घेऊन बसलेली विशी-पंचविशीची मुले मोबाइलच्या बोर्डावरून चिप उचलतात आणि दुसरी बसवतात. उलट, चौदा पायांची जुनी चिप काढणे हे मोठे कटकटीचे काम. प्रत्येक पायाचे सोल्डर सक्शन पंपाने ओढायचे, आणि एकही पाय अडला तर भोकाचा मुलामाच उपटून येतो. म्हणून तर शहाणे लोक चिपखाली सॉकेट घालत. दुरुस्ती अडते ती दुसरीकडे. सर्किटचा नकाशा मिळत नाही, सुटा भाग विकत मिळत नाही, आणि मिळाला तरी तो उपकरणाच्या सॉफ्टवेअरला ओळख दाखवू शकत नाही. जुन्या रेडिओच्या झाकणाच्या आत सर्किटचा कागद चिकटवलेला असायचा. तो कागद गेला, हे भोक जाण्यापेक्षा मोठे नुकसान आहे.

पण त्या कागदाशिवायही काही जमत होते, ते आरपार जोडणीमुळे. एका बाजूला घटक, दुसऱ्या बाजूला वाटा, सगळे उघडे. उजेडात धरला की तो तपकिरी बोर्ड वाचता यायचा. वाट कोठून निघाली, कोठे गेली, हे बोटाने माग काढत शिकलेली एक अख्खी पिढी आहे, आणि तिच्यातल्या अनेकांनी कॉलेजचे तोंडही पाहिलेले नाही. आजच्या सहा-आठ थरांच्या बोर्डात वाटा पोटात गाडलेल्या असतात. तिथे नकाशा नसेल तर डोळस माणूसही आंधळाच.

शिशाचीही एक बाजू आहे. युरोपीय संघाने १ जुलै २००६ पासून बहुतेक उपकरणांतल्या शिशावर निर्बंध घातले, आपल्या ई-कचरा नियमांतही ते आले. शिशाविना सोल्डर २१७ अंशांच्या पुढे वितळते आणि फिकट दिसते, त्यामुळे जुन्या मेकॅनिकला प्रत्येक सांधा ड्राय वाटतो. तो कुरकुरतो. पण इस्त्रीच्या टोकाशी निघणारा धूर राळेचा असतो. त्याने दमा जडू शकतो हे खरे, शिसे मात्र त्या धुरातून नव्हे, तर न धुतलेल्या हातांनी वडापाव खाताना पोटात जाते. भंगाराच्या गोदामात हाच बोर्ड उघड्यावर भाजून तांबे काढणाऱ्याला तर दोन्ही भोगावे लागते.

केंद्र सरकारने २४ डिसेंबर २०२२ रोजी दुरुस्तीच्या हक्कासाठी एक पोर्टल सुरू केले. कंपन्यांनी तिथे माहितीपुस्तिका आणि सुट्या भागांचा तपशील द्यावा, अशी त्यामागची कल्पना. तपकीर गल्लीतल्या काउंटरवर मात्र अजून वापरात आहेत त्या कोणाच्या तरी कोणाकडून आलेल्या, छापून तेलकट झालेल्या सर्किटच्या प्रती. शेजारी प्लास्टिकच्या डब्यात जुन्या बोर्डांवरून उतरवलेले ट्रान्झिस्टर, पाय आखूड झालेले, पण भोकात ओवता येतील एवढे शिल्लक.