एक तुरुंग, दोन पलायने

१३ जून २००८ ची रात्र. कंदाहारच्या सरपोझा तुरुंगाच्या फाटकापाशी स्फोटकांनी भरलेला टँकर फुटला आणि पाठोपाठ मोटारसायकलींवरून तालिबानी आत घुसले. कोठड्या फोडल्या गेल्या. हजाराच्या आसपास कैदी पळाले. त्यांत सुमारे चारशे तालिबानी. उरलेले चोर-दरोडेखोर आयतेच सुटले.

युद्धात तुरुंगच का? कारण तिथे तयार लढवय्ये एकाच छपराखाली असतात. नवी भरती नको, प्रशिक्षण नको. शिवाय ज्या सरकारला आपले कुलूप राखता येत नाही, त्याच्यावर गावकरी भरवसा कसा ठेवणार? हा दुसरा फायदा कदाचित पहिल्याहून मोठा. काही दिवसांतच तालिबान शेजारच्या अर्घंदाबच्या डाळिंबबागांत शिरले. त्यांना हुसकायला अफगाण आणि कॅनेडियन सैन्य उतरवावे लागले.

पुढे कॅनडाच्या पैशाने तुरुंगाची डागडुजी झाली, बंदोबस्त वाढला. लक्ष सगळे जमिनीवर.

एप्रिल २०११ मध्ये तालिबान जमिनीखालून आले. बाहेरच्या एका घरातून काही महिने खणलेला तीनशे मीटरहून लांब बोगदा रस्त्याखालून थेट तुरुंगात निघाला. त्या रात्री गोळी झाडली गेली नाही. पहाटे पहारेकऱ्यांना कळले, तोवर पावणेपाचशेच्या आसपास कैदी पसार झाले होते.