घरचाच धंदा, मग डिग्री कशाला?

बावड्याहून आम्ही बोलतोय.

आमच्या बचत गटाच्या बैठकीत परवा एकीनं विचारलं, "लेक बारावी कॉमर्स झाली. पुढं बी.बी.ए., एम.बी.ए. करते म्हणते, आणि शिकून घरचाच धंदा बघते म्हणते. घालू का?" लगेच दुसरी म्हणाली, "घरचाच धंदा तर आहे, त्याला डिग्री कशाला? आणि उद्या लग्न होऊन जायची ती." बैठक संपली, पण बोलणं संपलं नाही. म्हणून आज हाच विषय घेतलाय.

या शिक्षणात नक्की काय शिकवतात, ते आपल्याच घरातल्या उदाहरणानं बघू. समजा, एका घरात रोज १० किलो पनीर होतं. एका किलोला गाईचं साधारण ७ लिटर दूध लागतं. दूध ३० रुपयांनी धरलं तर २१० रुपये झाले. गॅस, लिंबूसत्त्व, पिशवी, गाडीभाडं मिळून ३० धरा. एकूण २४०. हॉटेलवाला ३०० रुपयांनी घेतो. म्हणजे किलोला ६० सुटले, दिवसाला ६००. घरात सगळे खूश.

पण सासू-सुना दोघी सकाळपासून चुलीपुढं उभ्या आहेत, त्यांची मजुरी कुणी धरली? दोघींना ३००-३०० धरले की ६०० तिथंच संपले. फ्रीजचं वीजबिल तर अजून धरलंच नाही. म्हणजे ज्याला आपण नफा म्हणत होतो, ती आपलीच मजुरी होती. याला म्हणतात उत्पादन खर्च काढणं.

आता दुसरी गोष्ट. हॉटेलवाला पैसे ४५ दिवसांनी देतो. रोजचे ३,००० रुपये, ४५ दिवस. म्हणजे कायम १,३५,००० रुपये त्याच्याकडं अडकलेले. इकडं दूधवाल्यांचं बिल दर दहा दिवसांनी २१,००० रुपये द्यायचंच. धंदा चालतोय, माल खपतोय, तरी दागिने गहाण पडतात, ते इथं. याला खेळतं भांडवल म्हणतात. उधारी १५ दिवसांवर आणली, तर अडकलेली रक्कम ४५,००० वर येते. एवढं एक गणित ज्या घरात वेळेवर मांडलं जातं, ते घर सावकाराच्या दारात जात नाही.

उत्पादन खर्च, खेळतं भांडवल, बाजारपेठ, जीएसटी, कर्जाची कागदपत्रं, भागीदारीचा करार, माणसं सांभाळणं, हे सगळं त्या डिग्रीत शिकवतात. दूध कसं नासतं, गिऱ्हाईक कसं रुसतं, हे मात्र घरच्या चुलीपाशीच कळतं. दोन्ही लागतं. आपल्या पुणे जिल्ह्यातलंच उदाहरण घ्या. बजाज घराण्यातले राहुल बजाज यांनी १९६४ साली अमेरिकेतल्या हार्वर्डमधून एम.बी.ए. केलं आणि १९६८ साली बजाज ऑटोचा कारभार हाती घेतला. पण ते राहिले कुठं? आकुर्डीच्या कारखान्याच्या आवारातच, अनेक वर्षं. शिकून आल्यावरही कारखान्यापासून लांब गेले नाहीत.

आता वाटा कोणत्या? बारावीनंतर बी.बी.ए. करता येतं. २०२४ पासून त्यासाठी राज्याची सीईटी परीक्षा आहे, म्हणून बारावीच्या वर्षीच फॉर्मकडं लक्ष ठेवा. एम.बी.ए. दोन वर्षांचं, कोणत्याही शाखेच्या पदवीनंतर, तेही सीईटी देऊन. त्यासाठी पुण्यालाच जावं लागतं असं नाही, बारामतीलाही सोय आहे. ज्या सुनेला घर सोडता येत नाही, तिच्यासाठी नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे. १९८९ पासून ते घरी राहून शिकण्याची सोय करतं.

फीचं म्हणाल, तर २०२४-२५ पासून राज्य सरकारनं ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस गटातल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ केली आहे. अट अशी, की घरचं उत्पन्न वर्षाला ८ लाखांच्या आत हवं आणि प्रवेश सरकारी प्रवेश फेरीतून झालेला हवा. मॅनेजमेंट कोट्यातून घेतलात तर माफी नाही. उत्पन्नाचा आणि जातीचा दाखला आधीच काढून ठेवा.

आणि ज्यांची शाळाच सुटली त्यांचं काय? शेजारच्या सातारा जिल्ह्यात म्हसवडला बायांनी माणदेशी महिला सहकारी बँक काढली. परवान्याचा पहिला अर्ज नाकारला गेला, कारण अर्ज करणाऱ्यांत अंगठा उठवणाऱ्या बाया होत्या. त्या परत आल्या, अक्षरं गिरवली, पुन्हा गेल्या आणि व्याजाची गणितं तोंडी करून दाखवायची तयारी दाखवली. १९९७ साली बँक उभी राहिली. पुढं माणदेशीनं बायांसाठी व्यवसायाची शाळा काढली, गावोगाव जाणारी बसही केली. धंदा करणाऱ्या बायांसाठीच्या त्यांच्या शिक्षणक्रमाचं नावच 'देशी एमबीए' आहे.

आता खरी गोष्ट. लेक शिकून आली आणि घरात तिला म्हणाले, "तू फक्त कॉम्प्युटरवर बिलं टाईप कर," तर ती डिग्री पेटीत जाते. म्हणून प्रवेश घेण्याआधीच घरात तीन गोष्टी बोलून घ्या. एक, धंद्याची वही आणि बँकेचं पासबुक तिला बघायला मिळेल का? दोन, कामाचा पगार तिच्या स्वतःच्या खात्यात पडेल का? तीन, भागीदारीच्या करारात तिचं नाव येईल का?

वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतका वाटा महाराष्ट्रानं १९९४ साली आणि देशानं २००५ साली दिला. पण धंद्यात कुणाचा शब्द चालणार, हे घरात ठरतं आणि कागदावर लिहावं लागतं. सुनेचंही तसंच. तिचे हात चालतात, मग सहीसुद्धा तिची चालायला हवी.

राहिली लग्नाची गोष्ट. लेक सासरी गेली तरी हिशोब मांडायची अक्कल तिच्याबरोबर जाते. तिथं धंदा असेल तर तो सुधारेल, नसेल तर ती उभा करील. आणि तुमच्या धंद्याचा हिशोब ती तिथूनही बघू शकते, तुम्ही विचारलंत तर.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीनं एक काम करून यायचं. आपल्या धंद्याचा आठ दिवसांचा खर्च लिहून आणायचा, आणि त्यात स्वतःची मजुरी धरायची. मुलीला वही लिहायला बसवा. तिच्या शिक्षणाचा पहिला धडा तिथंच होईल.